डार्टमूरचा गाणीवेडा धर्मगुरू

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, डार्टमूरचे उजाड पठार पसरले आहे. सुमारे साडेनऊशे चौरस किलोमीटरचा हा मुलूख. झाडे विरळ, पाऊस भरपूर, पायाखाली जागोजागी दलदल आणि टेकड्यांच्या माथ्यावर कोणी एकावर एक रचून ठेवावेत तसे ग्रॅनाइटचे अवाढव्य खडक. पठाराच्या पश्चिम कडेला ब्रेंटॉर नावाची टेकडी आहे. उंची जेमतेम अकराशे फूट. पण तिच्या अगदी माथ्यावर, वाऱ्याच्या तोंडावर, सेंट मायकेलचे इवलेसे जुने चर्च उभे आहे. ते तिथे कसे आले, याची कथा गावकरी सांगतात. चर्च खरे तर पायथ्याशी बांधायचे होते. दिवसा रचलेले दगड सैतान रात्री उचलून माथ्यावर नेऊन टाकी. अखेर लोक कंटाळले आणि त्यांनी माथ्यावरच चर्च उभारले.

अशा कथा, अशी चर्चे, या टेकड्या आणि तिथल्या शेतमजुरांच्या ओठांवरची गाणी यांच्यामागे एका धर्मगुरूने आपले आयुष्य घालवले. त्याचे नाव सॅबाइन बेअरिंग-गूल्ड. आपल्याकडे हे नाव फारसे परिचित नाही. मात्र मिशनऱ्यांच्या शाळांत शिकलेल्यांना ख्रिस्ती सैनिकांना पुढे चालण्याचे आवाहन करणारे एक इंग्रजी स्तोत्र नक्कीच आठवत असेल. ते त्यांनीच लिहिले. गंमत अशी, की या स्तोत्राला त्यांनी स्वतः कधी फारसे महत्त्व दिले नाही. आपले खरे काम कोणते असे उतारवयात त्यांनी स्वतःलाच विचारले, तेव्हा त्यांनी बोट दाखवले ते अडाणी म्हाताऱ्यांकडून उतरवून घेतलेल्या गाण्यांकडे.

बेअरिंग-गूल्ड यांचा जन्म २८ जानेवारी १८३४ रोजी एक्झेटर शहरात झाला. वडील एडवर्ड हे ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळात अधिकारी होते; प्रकृतीमुळे त्यांना नोकरी सोडून मायदेशी परतावे लागले होते. डेव्हनमधील ल्यू ट्रेंचर्ड या खेड्याची जमीनदारी सतराव्या शतकापासून गूल्ड घराण्याकडे होती. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण वडिलांचा पाय एका जागी ठरत नसे. कुटुंबाला घोडागाडीत घालून ते वर्षानुवर्षे युरोपभर हिंडत राहिले. त्यामुळे मुलाचे शालेय शिक्षण असे फारसे झालेच नाही. त्याऐवजी तो पाच-सहा भाषा शिकला आणि जुन्या वस्तू हुडकण्याचा छंद त्याला जडला. फ्रान्समध्ये पो या गावाजवळ मुक्काम असताना, सोळाव्या वर्षी, या मुलाने एका रोमन वाड्याची नक्षीदार फरशी उकरून काढली होती.

त्याच सुमारास तो ल्यू ट्रेंचर्डला आला आणि तिथले चर्च पाहून हळहळला. या चर्चमध्ये पूर्वी वेदीपुढे कोरीव लाकडी पडदा होता, सोळाव्या शतकातील नक्षीची बाके होती. त्याच्या जन्माआधी थोडीच वर्षे, चर्च नीटनेटके करण्याच्या हौसेपायी, घराण्यातल्या वडीलधाऱ्यांनीच ते सारे मोडून काढले होते आणि त्या जागी साध्या देवदारी लाकडाची बाके बसवली होती. मुलाने मोडतोडीतून वाचलेले नक्षीचे तुकडे शोधून जपून ठेवले आणि मनाशी तीन संकल्प केले : हे चर्च पूर्ववत करायचे, घराण्याचा पडका वाडा सावरायचा आणि गावच्या लोकांचे जीवन सुधारायचे. पौगंडावस्थेतले संकल्प सहसा टिकत नाहीत. यांचे मात्र टिकले, आणि पुरे व्हायला साठ वर्षे लागली.

केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांना धर्मगुरू व्हायचे होते. वडिलांचा विरोध होता. मग काही वर्षे त्यांनी ससेक्समधील हर्स्टपिअरपॉइंट येथील शाळेत शिक्षकी केली. पाळलेले वटवाघूळ खांद्यावर बसवून ते वर्गात शिकवीत, अशी आठवण सांगितली जाते. मध्येच, १८६२ साली, ते आइसलँडला जाऊन आले आणि तिथल्या सागा-कथांवर पुस्तक लिहिले. अखेर १८६४ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना दीक्षा मिळाली आणि यॉर्कशायरमधील हॉर्बरी या गिरण्यांच्या गावी त्यांची नेमणूक झाली.

हॉर्बरी ब्रिज ही गिरणी कामगारांची वस्ती होती. तिथे चर्च नव्हते. बेअरिंग-गूल्ड यांनी एक लहानसे घर भाड्याने घेतले. वरच्या खोलीत प्रार्थना आणि खालच्या खोलीत रात्रशाळा. मुले दिवसभर गिरणीत राबत आणि रात्री अक्षरे गिरवायला येत. या मुलांच्या मिरवणुकीत म्हणायला काहीतरी हवे म्हणून घाईघाईने त्यांनी ते प्रसिद्ध स्तोत्र लिहिले. पुढे १८७१ मध्ये आर्थर सलिव्हन यांनी त्याला नवी चाल दिली आणि ते जगभर गेले. १९४१ मध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट यांची युद्धनौकेवर भेट झाली, तेव्हाच्या प्रार्थनेतही ते गायले गेले. त्यातली काही यमके सदोष आहेत, अशी कबुली कवीने स्वतःच देऊन टाकली होती.

हॉर्बरीतच त्यांना ग्रेस टेलर भेटली. ती गिरणीत काम करणारी मुलगी होती, वय वर्षे चौदा. ते तिशीतले, जमीनदाराचे थोरले चिरंजीव, केंब्रिजचे पदवीधर. आजचा वाचक इथे थबकल्याशिवाय राहणार नाही, आणि त्या काळचे लोकही थबकलेच. मात्र वयातल्या अंतरापेक्षा त्यांना वर्गातले अंतर खुपत होते. ग्रेसला दोन वर्षे यॉर्कला पाठवण्यात आले. उच्चार कसे करावेत, चहा कसा द्यावा, पाहुण्यांशी कसे बोलावे, हे सारे ती तिथे शिकली. १८६८ मध्ये त्यांचा विवाह झाला. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाचे बीज या विवाहात असावे, असे अनेकदा लिहिले जाते. त्याला ठोस पुरावा नाही आणि ती दंतकथाच मानलेली बरी. विवाह मात्र अठ्ठेचाळीस वर्षे टिकला. त्यांना पंधरा मुले झाली, त्यांपैकी एक तान्हेपणीच दगावले. घर इतके भरलेले असे, की मुलांच्या एका मेजवानीत बेअरिंग-गूल्ड यांनी एका चिमुरडीला ती कोणाची मुलगी म्हणून विचारले आणि तिने रडवेली होऊन आपण त्यांचीच असल्याचे सांगितले, असा किस्सा पुढे फार गाजला.

१८७२ मध्ये वडील वारले आणि ल्यू ट्रेंचर्डची जमीनदारी त्यांच्याकडे आली. तेथील धर्मगुरूचे पद मात्र काकांकडे होते. मधला काळ त्यांनी एसेक्सच्या किनाऱ्यावरील ईस्ट मर्सी या दलदलीच्या गावी काढला. ते गाव त्यांना आवडले नाही. पण त्याच गावाने ‘मेहाला’ ही त्यांची गाजलेली कादंबरी दिली. १८८१ मध्ये काकांच्या निधनानंतर ते ल्यू ट्रेंचर्डला परतले. इंग्लंडमध्ये एकाच व्यक्तीने गावचा जमीनदार आणि गावचा पाद्री असणे त्या काळी अशक्य नव्हते. जमीनदार म्हणून त्यांनी पाद्री म्हणून स्वतःचीच नेमणूक करून घेतली! चर्च आणि वाडा सावरायला पैसा हवा होता. तो त्यांनी लेखणीतून उभा केला. उंच मेजापाशी उभे राहून ते रोज लिहीत. वर्षाला एखादी, कधी त्याहून अधिक कादंबऱ्या. संतचरित्रांचे सोळा खंड, मध्ययुगीन दंतकथा, नरवृक, प्रवासवर्णने, चरित्रे मिळून त्यांचे ग्रंथ शंभराच्या कितीतरी पुढे जातात. एवढे लिहिणाऱ्याचे सगळेच चांगले असते असे नाही. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या आज कोणी उघडत नाही.

त्यांचे खरे मन रमत असे ते घराबाहेर. डार्टमूरच्या वाटा ते कधी घोड्यावरून, कधी पायी तुडवत. प्रत्येक गावाची, प्रत्येक चर्चची कथा ते वहीत टिपून ठेवत. वाइडकोम या गावच्या उंच मनोऱ्याच्या चर्चवर २१ ऑक्टोबर १६३८ रोजी, ऐन प्रार्थनेच्या वेळी, वीज कोसळली आणि चार जण ठार झाले. ही इतिहासातली नोंद. लोकांची नोंद वेगळी आहे. त्यांच्या मते तो सैतान होता. चर्चमध्ये हातात पत्ते घेऊन झोपी गेलेल्या एका जुगाऱ्याला न्यायला तो आला होता. येताना वाटेतल्या खानावळीत त्याने रस्ता विचारला आणि बिअर मागितली. ती घशाखाली उतरताना तापल्या लोखंडावर पाणी पडावे तशी चरचरली.

खुद्द त्यांच्या वाड्यालाही भूत होते. घराण्यातल्या एका मुलाने अठराव्या शतकात पत्त्यांच्या नादात मालमत्ता उडवली. त्याची आई मार्गारेट गूल्ड हिने जिद्दीने ती पुन्हा सावरली. १७९५ मध्ये अंथरुणाला पाठ न टेकता, खुर्चीत बसल्या बसल्याच, तिने प्राण सोडला, असे सांगतात. त्यानंतर ती पांढऱ्या वेषात वाड्याच्या आवारात फिरताना लोकांना दिसू लागली. नातवंडांना सांगावे तितक्या सहजपणे बेअरिंग-गूल्ड ही कथा सांगत. भुतावर त्यांचा विश्वास होता की नाही, हा प्रश्न गौण. लोकांचा होता, आणि त्यांच्या लेखी तेवढे पुरेसे होते.

१८८८ मध्ये एका परिचितांकडे जेवणाच्या टेबलावर जुन्या गाण्यांचा विषय निघाला. पूर्वी शेतावरची माणसे गात ती गाणी आता ऐकू येत नाहीत, जाणती माणसे एकेक करून संपत आहेत, असे कोणीतरी म्हणाले. बेअरिंग-गूल्ड तेव्हा चौपन्न वर्षांचे होते. घरी परतताना त्यांनी निश्चय केला आणि पुढची काही वर्षे झपाटल्यासारखे काम केले. इंग्लंडमध्ये लोकगीत संस्था स्थापन झाली ती १८९८ मध्ये. सेसिल शार्प यांनी आपले पहिले लोकगीत टिपले १९०३ मध्ये. डेव्हनचा हा पाद्री त्यांच्या कितीतरी आधी चिखल तुडवत गाणी शोधत होता.

स्वरलेखनाची बाजू कच्ची असल्याने त्यांनी दोन संगीतज्ञ मित्रांना हाताशी धरले. एक यॉर्कशायरचे पाद्री फ्लीटवुड शेपर्ड आणि दुसरे ऑक्सफर्डचे प्राध्यापक फ्रेडरिक बसेल. गाणारे होते कुंपण घालणारे, छपरे शाकारणारे, रस्त्यावर खडी फोडणारे मजूर. बहुतेकांची सत्तरी उलटलेली, बहुतेक निरक्षर. जेम्स पार्सन्स हा त्यांतला एक. त्याचा बाप पंचक्रोशीत गाण्यांचे यंत्र म्हणून ओळखला जाई. मुलाच्या पोतडीतही गाणी संपत नसत. दुसरा रॉबर्ट हार्ड, पायाने अधू, साउथ ब्रेंटच्या रस्त्यावर खडी फोडणारा. अशा म्हाताऱ्यांना ते वाड्यात बोलावत, शेकोटीपाशी बसवत, पेला भरून देत आणि गळा मोकळा होण्याची वाट पाहत. जमीनदाराच्या दिवाणखान्यात बसून गाणे त्या गड्यांना सुरुवातीला किती अवघड वाटले असेल! वाड्यावर येणे ज्यांना जमत नसे, त्यांच्याकडे ते स्वतः जात.

हकबी येथील सॅली सॅटर्ली हिची गोष्ट सांगायलाच हवी. डार्टमूरमध्ये एक समजूत होती, की पडीक जमिनीवर एका दिवसात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, कोणी घर बांधून चूल पेटवली, तर ते घर त्याचे होते. आसपासचे जमीनदार उत्सवाला गेल्याची संधी साधून, १८३५ च्या सुमारास, मजुरांनी मिळून एक घर एका दिवसात उभे केले होते. सॅली त्याच घरातली. तिला गाणी येत. पण नुसते बसून तिला गाता येत नसे. हात कामात असले तरच शब्द आठवत. तेव्हा ती कोंबड्यांना दाणे टाकत, झाडलोट करत फिरे, आणि जमीनदार साहेब वही-पेन्सिल घेऊन तिच्या मागे मागे. जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही, हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

या साऱ्यातून ‘साँग्ज अँड बॅलड्स ऑफ द वेस्ट’ हा संग्रह १८८९ पासून भागांनी निघू लागला. एकाच घोडीवर स्वार होऊन वाइडकोमच्या जत्रेला निघालेल्या मंडळींचे विनोदी गाणे त्यातूनच घरोघरी पोचले. १९०५ च्या सुधारित आवृत्तीसाठी शार्प यांनी संगीताचे संपादन केले.

आणि इथेच बेअरिंग-गूल्ड यांच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप येतो. शेतमजुरांची गाणी मोकळी होती. प्रणय, फसवणूक, लग्नाआधीचे मातृत्व, हे सारे त्यांत उघडपणे येई. व्हिक्टोरियन दिवाणखान्यात, पियानोपाशी बसलेल्या मुलींच्या तोंडी ते शब्द घालणे धर्मगुरूला शक्य नव्हते, आणि प्रकाशकालाही. मग त्यांनी चाली ठेवल्या आणि शब्द बदलले. काही ठिकाणी चार ओळी, काही ठिकाणी अख्खे गाणे नवे. पुढच्या पिढीतील अभ्यासकांनी त्यांना यासाठी धारेवर धरले. लोकांचे म्हणून जे छापले, त्यातले किती लोकांचे आणि किती पाद्रीबुवांचे, असा त्यांचा सवाल होता. तो रास्तच होता.

पण हा दोष केवळ गाण्यांपुरता नव्हता. तो त्यांच्या स्वभावातच होता. मोडके दिसले की ते सांधायचे, सांधताना त्यात आपले काही घालायचे. पठारावरील ग्रिम्सपाउंड या प्राचीन वस्तीचे १८९४ मध्ये उत्खनन झाले. त्यात मित्र रॉबर्ट बर्नार्ड यांच्यासह ते पुढाकार घेणाऱ्यांत होते. दगडी तटाच्या आत चोवीस गोलाकार झोपड्यांचे अवशेष होते. तोवर असे अवशेष लोक प्राचीन ड्रुइड पुरोहितांच्या नावावर खपवत. चुली, कोळसा, गारगोटीची हत्यारे सापडली आणि ही कांस्ययुगातील साध्या माणसांची घरे होती, हे स्पष्ट झाले. हे मोठेच काम होते. मात्र उत्खनन झपाट्याने उरकले गेले आणि काही भिंती पुन्हा रचल्या गेल्या. मूळ काय आणि नंतरचे काय, हे कळेनासे झाल्याची तक्रार त्याच काळात सुरू झाली होती.

चर्चचेही तसेच. लहानपणी जपलेल्या तुकड्यांवरून त्यांनी तो लाकडी पडदा पुन्हा घडवून घेतला. एर्मिंग्टनच्या पाद्र्यांच्या मुलींनी, पिनविल भगिनींनी, त्याचे कोरीव काम केले. सुतारकामाच्या त्या क्षेत्रात तेव्हा स्त्रिया औषधालाही नव्हत्या. पडद्यावरील चित्रे बेअरिंग-गूल्ड यांची कन्या मार्गारेट हिने रंगवली. युरोपच्या प्रवासात हाती लागलेल्या काही वस्तूही चर्चमध्ये आल्या. आज तिथे उभे राहिले, की सारे पाचशे वर्षांपूर्वीचे वाटते. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे शंभर-सव्वाशे वर्षांचे आहे. प्रस्तुत लेखकाला यात लबाडीपेक्षा अधीरता दिसते. जे नष्ट झाले, ते आपल्या हयातीत पुन्हा उभे राहिलेले त्यांना पाहायचे होते.

ग्रेसचे काय? यॉर्कशायरच्या गिरणीतून आलेली ही मुलगी डेव्हनच्या वाड्याची मालकीण झाली, पंधरा बाळंतपणे काढली, पाहुण्यांची सरबराई केली. तिच्या मनात काय होते, याची नोंद कुठेच नाही. बेअरिंग-गूल्ड यांनी आठवणींचे जाड ग्रंथ लिहिले. त्यांत खडीफोड्यांची नावे आहेत, भुतांच्या हकिकती आहेत. पत्नीबद्दल मात्र जवळजवळ काहीच नाही. १९१६ मध्ये ती गेली. तिच्या थडग्यावर त्यांनी लॅटिन भाषेत तीनच शब्द कोरवले. आपला अर्धा आत्मा इथे आहे, असा त्यांचा अर्थ. एवढ्या बोलक्या माणसाचे पत्नीविषयीचे जाहीर लेखन ते एवढेच.

२ जानेवारी १९२४ रोजी, नव्वदी गाठायला काही दिवस उरले असताना, ल्यू ट्रेंचर्डच्या वाड्यात त्यांचे निधन झाले. चर्चच्या आवारात, ग्रेसच्या शेजारी, त्यांचे दफन करण्यात आले.

गाण्यांची कथा मात्र इथे संपली नाही. छापताना शब्द बदलणाऱ्या या माणसाने मूळ शब्द फाडून फेकले नव्हते. कोणी गायले, कुठे गायले, काय गायले, हे त्यांनी वह्यांत नोंदवून ठेवले होते. स्वच्छ अक्षरात लिहिलेली एक प्रत त्यांनी १९१४ मध्येच प्लिमथच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन केली होती. ल्यू ट्रेंचर्डच्या वाड्यातील त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे एक्झेटरजवळच्या किलर्टन या वाड्यात ठेवण्यात आला होता. १९९० च्या दशकात त्या पुस्तकांत आणखी हस्तलिखिते सापडली आणि अभ्यासकांना हर्ष झाला. आज ही पाने इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. जेम्स पार्सन्स आणि रॉबर्ट हार्ड यांनी शेकोटीपाशी जे गायले, त्यातले दिवाणखान्यात न चालणारे शब्दही डेव्हनचे गायक आता त्याच चालींवर गातात.